फुटाला एक सूत

भात कापायला आलं की मला सरसाचा वास येतो. बाकीच्यांना ओल्या पेंढ्याचा येतो, दव पडलेल्या मातीचा येतो, मला सरसाचा. सरस म्हणजे कातडी-हाडं शिजवून केलेला सुताराचा डिंक. तो डब्यात रटरटायला लागला की शेजारी घर सोडून जातात. यमुना, माझी बायको, म्हणते की तुमचं नाक म्हातारं झालं. नाक म्हातारं झालेलं नाही. माझं काहीच म्हातारं झालेलं नाही, गुडघे सोडून. नाकाच्या फक्त एक साल ध्यानात राहिलंय, आणि कोयते निघाले की ते साल बाहेर येतं.

आता आमच्या शेताच्या तिन्ही बाजूंना बिल्डिंगी झाल्यात. चौथ्या बाजूला रस्ता आहे म्हणून वाचलो. तरी मी भात लावतो. मुलं म्हणतात, कशाला? मी म्हणतो, खायला. परवा उडवी रचली. भाताचे भारे थरावर थर लावून गोल रास करतात ती उडवी. झोडणीला वेळ मिळेपर्यंत भात त्यात कोरडं राहतं. तर समोरच्या बिल्डिंगीतली एक बाई मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, "काका, किती गोड! ह्याच्यात कोण राहतं?"

मी म्हटलं, "आमचं जेवण राहतं."

बाई गेली. मी उडवीच्या सावलीत बसलो, आणि सरसाचा वास आला.

माझं शिक्षण चौथी. चौथीसुद्धा मास्तरांना मी पुढच्या वर्षी परत समोर नको होतो म्हणून झाली. पण फुटाचे इंच किती, हा प्रश्न मला टाकू नका. त्याचं जे उत्तर मला येतं ते शाळेत शिकवत नाहीत.

मी पॅटर्नमिस्त्री. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी ती लाकडाची करावी लागते. ते लाकूड रेतीत दाबायचं, अलगद उचलायचं, आणि जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. सोपं वाटतं. पण तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं करायचं. किती मोठं? बिडाच्या लोखंडाला फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आता दर वेळी कोण ही वाढ मिळवत बसणार? म्हणून पॅटर्नमिस्त्रीची फूटपट्टीच लांब असते. तिच्यावर बाराच इंच असतात, पण प्रत्येक इंच जरासा लठ्ठ. बघणाऱ्याला कळत नाही. पन्नासच्या पुढच्या सालांत मी मुंबईला ओतकाम शिकायला गेलो, तेव्हा उस्तादांनी तसली पितळेची पट्टी मला दिली आणि म्हणाले, "ही खुंटीवर ठेव, कुणाला देऊ नको. ही घेऊन कपड्याचं दुकान काढलंस तर गिऱ्हाईक तुझी पूजा करील आणि तू उपाशी मरशील."

ती पट्टी घेऊन मी परत आलो आणि शिळफाट्याजवळ कासमभाईंच्या ओतशाळेत लागलो. कासमभाई मालक, पण मालकासारखे कधी बसले नाहीत. दिवसभर रेतीत उकिडवे. त्यांचे हात साच्यात गेले की बाईनं पिठात हात घालावा तसे जायचे. त्यांचं माझं रोज भांडण व्हायचं आणि रोज एका डब्यात जेवण व्हायचं. यमुनानं दिलेलं सुकटीचं कालवण त्यांना, त्यांच्या घरच्या तांदळाच्या भाकरी मला. कुणी कुणाला विचारलं नाही, पंचवीस वर्षं तसंच चाललं.

आणि त्या सालच्या भातकापणीला तिथं मुकुंदराव आला.

ऐंशीच्या पुढची सालं. मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो संशोधन करायचा. सव्वीस-सत्तावीसचा, अंगावर फक्त चष्मा तेवढा जाड. कासमभाईंनी त्याला कोपऱ्यात एक टेबल दिलं. मी विचारलं, "ह्यो काय करनार?"

कासमभाई म्हणाले, "वस्तू लवकर कशी बनवायची त्याचा अभ्यास करनार."

"मंग सकाळी आठाला यायला सांगा. लवकर व्हईल."

मुकुंदराव हसला. हसला हे मला आवडलं नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या कामाशी येऊन उभा राहिला. मी शिवणीच्या लाकडाचा एक पंपाचा तुकडा कोरत होतो. तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही मोठा ठोकळा घेता आणि नको ते काढून टाकता."

"मंग? नको ते ठेवू?"

"नाही. पण उलटं केलं तर? काहीच काढायचं नाही. पातळ पातळ थर एकावर एक चढवत जायचं. प्रत्येक थराचा आकार वेगळा. चढत गेलं की वस्तू तयार. एक दिवस असं यंत्र येईल मिस्त्री, की कागदावर चित्र काढलं की ते स्वतःच थर टाकत बसेल. माणसाला कोरायला नको."

मी पटाशी खाली ठेवली. तीस वर्षं मी कोरत होतो. हातावरचे घट्टे मी लग्नात हुंड्याला दाखवले नाहीत एवढंच, नाहीतर सगळीकडे दाखवलेत. मी म्हटलं, "थराथरानं काय व्हतं ठाऊक हाय? खाजं व्हतं. जत्रंत मिळतं."

कासमभाई रेतीत बसल्या बसल्या हसले. मुकुंदरावानं वहीत काहीतरी लिहिलं. ही त्याची दुसरी वाईट खोड. त्याला काहीही बोला, तो लिहून घ्यायचा.

हे असंच चाललं असतं, पण त्याच आठवड्यात माझ्या मेव्हण्याची गिरण बसली.

बाळाराम, यमुनाचा धाकटा भाऊ, आमच्या गावात भात भरडायची गिरण चालवायचा. गिरणीच्या पोटात बिडाचा एक रूळ असतो, दीड फूट लांब आणि अर्धा फूट जाड. त्याच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरप्या धारा. भात त्या धारांवर घासतं आणि तूस सुटतो. तो रूळ मधोमध तडकला. गिरण बाळारामाच्या सासऱ्याच्या वेळची, बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. रूळ मिळायचा कुठे? आणि हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून झालेलं. दिवाळी तेरा दिवसांवर. आमच्याकडे दिवाळीला नव्या तांदळाचे घावणे झाले नाहीत तर बायका वर्षभर ऐकवतात. नुसतं ऐकवत नाहीत, दरवेळी नव्यानं ऐकवतात.

बाळाराम तडकलेला रूळ सायकलला बांधून ओतशाळेत आला. "दाजी, कायबी करा. गावातलं समदं भात माज्या वट्यावर येऊन पडलंय. बाया उखळं शोदाया लागल्यात. माज्याकडं अशा बघतात का मीच त्यो रूळ चावून फोडला."

मी रूळ फिरवून बघितला. तिरप्या धारा कोरणं म्हणजे खेळ नव्हे. मी म्हटलं, "बारा दिवस."

टेबलावरून मुकुंदराव म्हणाला, "सहा."

मी रूळ खाली ठेवला.

"काय म्हनलास?"

"थरांनी केला तर सहा दिवसांत पॅटर्न होईल. सगळ्या चकत्या एकसारख्या. फक्त प्रत्येक चकती खालच्यापेक्षा जराशी फिरवून चिकटवायची, धारा आपोआप तिरप्या होतील."

आपोआप! तीस वर्षांत माझ्या हातून आपोआप काही झालेलं नव्हतं, दोन पोरं सोडून. मी म्हटलं, "पैज."

पैज काय लावायची? पैशाची पैज कासमभाईंना चालायची नाही, त्यांच्यात ते हराम. मग कासमभाईच म्हणाले, "जो हरंल त्यानं बाळारामाच्या वट्यावर उबं राहायचं, समद्या गावासमोर, आनि म्हनायचं, मला येत नाय."

मुकुंदराव लगेच हो म्हणाला. मीही म्हणालो. पण अडचण माझी होती. मला येत नाही, हे तीन शब्द मी जन्मात उच्चारले नव्हते. पोहता येत नव्हतं तेव्हा मी सांगितलं होतं की मला पाणी आवडत नाही. मोटार चालवता येत नव्हती तेव्हा सांगितलं की चालणं तब्येतीला चांगलं. यमुनाच्या घरी मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यानं हार्मोनियम पुढे केली, तर मी म्हटलं, सूर उतरलाय, आणि बाजूला ठेवली. उतरलाही असेल.

मी कोरायला घेतलं. तिकडे मुकुंदरावानं प्लायवुडच्या चकत्या कापायला घेतल्या. दीड सूत जाडीचं प्लाय, त्यावर आकार आखायचा, बारीक करवतीनं कापायचा. पहिल्या दिवशी पंधरा चकत्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर हवेतल्या ओलीनं सगळा गठ्ठा पापडासारखा वाकलेला. मी तो सगळ्यांना दाखवला. जे ओतशाळेत नव्हते त्यांना रस्त्यावरून बोलावून दाखवला. कुंभिवलीहून एक ट्रकवाला चहाला थांबला होता, त्यालाही दाखवला.

"मुकुंदराव," मी म्हटलं, "तळायचा कदी?"

तो हसला नाही. पहिल्यांदा त्याचा चेहरा पडलेला बघितला. आणि मी माणूस असा की कुणाचा चेहरा पडला की मला चैन पडत नाही, पण कबूलही करवत नाही. म्हणून मी म्हटलं, "उद्या रविवार हाय. माज्या खळ्यावर ये. जेवायला ये."

रविवारी तो आला. मी उडवी रचत होतो. त्या सकाळचं मला सगळं आठवतं. शेणानं सारवलेलं खळं, पायाला लागणारा गारवा, कणसांचा खसखस आवाज, माथेरानच्या डोंगरावर चिकटलेलं धुकं. यमुना भारे देत होती, मी चढून थर लावत होतो. मुकुंदराव खाली उभा राहून बघत होता.

"मिस्त्री, हे वाकत का नाही?"

"काय वाकल?"

"एवढे थर आहेत. एकही वाकलेला नाही, घसरलेला नाही. चिकटवलेलंही नाही."

आता बघा, त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर पैज माझ्या खिशात होती. पण मला जे येतं ते कुणी विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं झालेलं नाही. मी वरून भाषण सुरू केलं. "एक थर उबा, दुसरा आडवा. खालचा जिकडं वाकू बघतो, तिकडं वरचा त्याला जाऊ देत नाय. मदल्या पोटाला दाब जास्ती द्यायचा. आनि पाय देऊन देऊन बसवायचं, समदं रचून मंग दाबू म्हनलास तर गेलं. थर लावला का दाबला, थर लावला का दाबला."

त्यानं वही काढली. मी वरून ओरडलो, "आनि कणसं आत!" त्यानं तेही लिहिलं.

यमुना खालून हळूच म्हणाली, "आवो, त्याला कशापायी सांगताव?"

"सांगू दे गं. ऐकून कुनाला येतं का?"

सोमवारी त्यानं पापड झालेल्या चकत्या सोडवून नमुन्याला नव्यानं लावल्या. एकीच्या लाकडाची रेघ उभी, दुसरीची आडवी. एक चकती लावली की तिच्यावर कासमभाईंच्या घरचा जुना पाटा. गठ्ठा सरळ राहिला. दगडासारखा सरळ. मला वाटतं, जगात माझ्याइतक्या कष्टानं स्वतःचा पराभव कुणी शिकवला नसेल.

आणि मंगळवारी ते झालं.

मुकुंदरावाची पोलादी पट्टी हरवली. कासमभाईंनी ती पाठ खाजवायला घेतली होती आणि कुठे ठेवली ते त्यांना आठवेना. मुकुंदरावानं इकडे तिकडे बघितलं, आणि सगळ्यात जवळची, माझ्या खुंटीवरची पितळेची पट्टी उचलली. तिच्यानं आकार आखायला लागला.

मी रंध्यावरून बघत होतो.

रुळाचं माप त्यानं आधीच स्वतःच्या पट्टीनं घेतलेलं होतं. आकसण्याची वाढ वहीत मिळवलेली होती, फुटाला एक सूत, अगदी बरोबर. ते मी स्वतः बघितलं होतं. आता तो ते वाढवलेलं माप माझ्या वाढीव पट्टीनं आखत होता. म्हणजे वाढीवर वाढ. रूळ बाळारामाच्या गिरणीत जाणारच नाही. वाढीव पट्टीबद्दल त्यानं पुस्तकात वाचलं असेल, पण पुस्तकातली पट्टी खुंटीला टांगलेली नसते.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

मनात म्हटलं, विचारलं का त्यानं? नाही विचारलं. न विचारता माझी पट्टी घेतली. उस्ताद म्हणाले होते, कुणाला देऊ नको. मी दिली का? नाही दिली. माझं कुठे काय चुकलं? एवढे सगळे मुद्दे मी माझ्या बाजूचे काढले, तरी त्या दिवशी कासमभाईंच्या भाकरीचा घास फिरत राहिला. बुधवारीही. गुरुवारी तर मी धार कोरताना धारच उडवली. तीस वर्षांत पहिली.

गुरुवारी संध्याकाळी यमुनानं ताट पुढे ठेवलं. मी तसाच बसलो.

"प्वाट बिगाडलं का?"

"नाय."

"मंग मानूस बिगाडलं. काय केलाव?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या बाजूच्या मुद्द्यांसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "गिरण माज्या भावाची. भात आपल्या गावाचं. आनि पट्टी तुमची."

"मी दिली नाय. त्यानं घेतली."

"आनि तुमी बगितली. आता त्यो रूळ गिरणीत गेला नाय तर गाव म्हननार, पोराला येत नाय. येत नाय तुमाला. खरं बोलाया."

एवढं बोलून तिनं माझ्या पुढचं ताट उचललं. न जेवता उठणं माझ्या हातात होतं, ते सुखही तिनं ठेवलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी निघायला उशीर केला. मुद्दाम नाही. मुद्दाम असेल. पण रस्त्यात शिळफाट्यावरूनच ओतशाळेच्या धुराड्यातून धूर दिसला आणि माझे पाय सुटले. त्या वयात मी धावत नसे, कारण मला धावण्याची गरज नसते असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी बाजारातून धोतर धरून धावलो. भाजीवाले विचारत होते, कुठं आग लागली? मी म्हणत होतो, अजून लागायची हाय.

आत गेलो तर भट्टी पेटलेली. मुकुंदरावाचा पॅटर्न तयार, चपडीचं पॉलिश लावलेला, चकचकीत. अठ्ठ्याण्णव चकत्या, आणि त्याच्यावर धारा अशा तिरप्या की बघत राहावं. कासमभाई तो रेतीत दाबायला घेतच होते.

"थांबा!"

"काय झालं?"

"आज मुहूर्त बरा नाय."

कासमभाईंनी मान वर केली. "मिस्त्री, पंचवीस वर्सं तुमी अमावस्येला ओतताव. तुमी कदीपासून मुहूर्त बगाया लागलाव?"

"वारा हाय."

"भिंती हायेत."

मुकुंदराव माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, बोटांना सहा दिवसांचा सरस. त्या बोटांकडे बघितलं आणि मला माझा उस्तादांच्या घरचा पहिला महिना आठवला. मी खुंटीवरची पट्टी काढली, त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "मोज. ह्या पट्टीनं मोज, मंग ती कासमभाईंची लोखंडी मोजपट्टी घे आनि तिच्यानं मोज."

त्यानं मोजलं. परत मोजलं. मग मटकन स्टुलावर बसला. चूक त्याला लगेच कळली. त्याचं डोकं चांगलंच होतं. त्याला कळायला वेळ लागला तो दुसऱ्या गोष्टीला. तो हळूच म्हणाला, "तुम्ही मंगळवारी समोरच होता."

"व्हतो."

"आणि शुक्रवारी सांगताय."

"ओतायच्या आदी सांगतोय," मी म्हटलं. ह्यापेक्षा मोठी माफी माझ्याकडे त्या वेळी नव्हती.

कासमभाई माझ्याकडे पाठ करून रेती चाळायला लागले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी पॅटर्न उचलला. लांबी किती वाढली? दीड फुटाला दीड सूत. आणि चकती किती जाड? दीड सूत. मी उभाच राहिलो. माझा कोरलेला ठोकळा असता तर तो जाळण्याखेरीज उपाय नव्हता, बारा दिवस परत. आणि ह्याचा? ह्याचा एक थर काढायचा.

मी गरम पाण्यात फडकं बुडवून मधल्या सांध्यावर गुंडाळलं. सरस ऊब मिळाली की सोडतो. पातळ पटाशी सरकवली आणि एक चकती काढली, धारेला धार जुळवून बाकीचं परत चिकटवलं, अठ्ठ्याण्णवाच्या सत्त्याण्णव झाल्या. जाडीला अर्धं सूत जास्ती होतं, ते कानशीनं उतरवायचं. धारा तुटू न देता गोल उतरवणं हे काम मुकुंदरावाच्या बापाला जमलं नसतं. ते मी केलं. तो शेजारी बसून मला माप सांगत होता, मी घासत होतो, आणि दर दोन मिनिटांनी तो विचारत होता, "हे हाताला कसं कळतं?" मी म्हणत होतो, "हाताला कळतं." त्यानं तेही लिहून घेतलं.

दुपारी कासमभाईंनी पॅटर्न रेतीत दाबला आणि स्क्रू काढतात तसा फिरवत फिरवत बाहेर काढला. एक कण सांडला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत रूळ ओतला गेला. आणि मुकुंदरावाची पोलादी पट्टी त्याच रेतीच्या ढिगाखाली सापडली. कासमभाईंनी लगेच पाठ खाजवली.

रविवारी बाळारामाच्या वट्यावर सगळं गाव जमलं. रूळ गिरणीत बसला, असा बसला की पोर पाळण्यात बसावं. आता पैजेचं काय? मी म्हटलं, पॅटर्न माझ्या हातानं पुरा झाला. मुकुंदराव म्हणाला, पॅटर्न सहा दिवसांत झाला. कासमभाई न्यायाधीश. त्यांनी माझ्याकडे बघत निकाल दिला, "दोघं बी म्हना."

मुकुंदराव पुढे झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "मला येत नाही." एवढं सहज, की जशी वेळ सांगावी. वर म्हणाला, "म्हणूनच तर शिकतोय." बायकांनी त्याच्याकडे असं मायेनं बघितलं की मला त्याचा राग आला.

मग मी. मी घसा साफ केला. परत साफ केला. पुढे यमुना पाटी घेऊन उभी, पाटीत आमचं भात. मी बाळारामाकडे बघितलं. बाळाराम शहाणा, शेवटी मेव्हणा. त्यानं इंजिनाचं हँडल मारलं. धडधड सुरू झाली, पट्टा फिरला, वटा हादरला, आणि त्या आवाजात मी ते तीन शब्द म्हणून टाकले. पहिला तांदूळ खाली पडला तेव्हा सगळे तिकडे धावले.

मी म्हणालो होतो. यमुना आजतागायत म्हणते की माझे ओठ हलले नव्हते.

मुकुंदराव पुढे फार मोठा झाला. ती काढलेली चकती तो घेऊन गेला होता. तिचा कसला तरी प्रबंध झाला, तो डॉक्टर झाला, प्रोफेसर झाला, परदेशात जाऊन आला. दर भातकापणीला त्याचं पत्र यायचं. एका सालचं पत्र, की आता प्रकाशानं पातळ रस घट्ट करून थर टाकतात. मी उत्तर पाठवलं, उजेडात दूध ठेवलं तरी घट्ट होतं. एका सालचं, की भुकटी वितळवून थर टाकतात. मी लिहिलं, आमच्यात त्याला ढोकळा म्हणतात. तो लिहायचा की मुलांना शिकवताना पहिला तास तुमच्या उडवीवर घेतो. हे पत्र मी बाळारामाला दाखवलं, कासमभाईंना दाखवलं, नेरळच्या पोस्टात एक अनोळखी माणूस उभा होता त्यालाही दाखवलं.

कासमभाई गेले. ओतशाळेच्या जागी टाइल्सचं दुकान आहे. गिरणही थांबली, भात आता कर्जतला नेतात. तो रूळ बाळारामानं मला आणून दिला, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मी तो उंबऱ्याशी ठेवलाय. अंगठा रोज त्याच्यावर आपटतो. मी हलवत नाही. रूळ जागेवर बरोबर आहे, अंगठ्यानं बघून चालावं.

काल मुकुंदराव आला होता. डोक्याचे केस गेले, चष्मा आणखी जाड झाला, निवृत्त झाला. उडवीभोवती एक फेरी मारली, हात लावून थर बघितले, आणि मग ओटीवर बसून पिशवीतून एक फूटपट्टी काढली. पिवळी, प्लास्टिकची. माझ्या पितळेच्या पट्टीचं माप त्याच्याकडे होतं, त्यावरून यंत्रानं केलेली. माणसाचा हात लागला नाही म्हणे. केसाएवढे थर, एकावर एक. त्या दिवशी ओतशाळेत जे यंत्र त्यानं सांगितलं होतं आणि मी खाजं म्हणालो होतो, ते आलं होतं, आणि त्यानं माझी पट्टी बनवली होती.

मी उठलो, खुंटीवरची पितळेची काढली आणि तिच्याशेजारी लावली.

आखूड.

केसभर, पण आखूड. एका टोकाला जास्ती, दुसऱ्याला कमी.

"आकसली," मी म्हटलं. केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

तो वाकून बघत राहिला. "वाढ धरली होती, मिस्त्री. प्लास्टिकची वेगळी असते, ती धरली होती. तरी दोन टोकांना वेगवेगळी कशी आकसली?" मग चष्मा काढला आणि हसला, तेच पहिल्या दिवसाचं हसू. "चाळीस वर्षं ह्याच्यात गेली. खरं सांगू? मला येत नाही."

ऊन कलंडलं होतं. पट्टी मी हातात फिरवून बघितली. अंगठ्यानं थर चाचपले. गुळगुळीत, पण हाताला कळत होते. एका टोकाला जरा ओढ होती, दुसऱ्याला नव्हती. का, ते हात सांगेना. मी खूप वेळ चाचपलं. हातानं इतकी वर्षं सगळं सांगितलं, आज तो गप्प.

आणि मी म्हटलं, "मला बी येत नाय रं, मुकुंदा. तू सांग बगू आता, ते यंत्र थर टाकतं कसं."

बोलून गेल्यावर कळलं काय बोललो ते. मुकुंदरावानं वर बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, उडवीकडे.

दारात यमुना चहाचे कप घेऊन उभी होती, एक पाय उंबऱ्यावर, रुळाशेजारी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं कप खाली ठेवले, पदर सावरला आणि म्हणाली,

"आज आयकलं. आज गिरण बंद हाय."